आपली सोतानी खाण

भाऊ, तुमची खाण पाहून आले. तुम्ही सगळ्या गावाचे भाऊ, म्हणून आम्ही लेकरंही बापाला भाऊच म्हणत आलो. तुम्ही गेल्यापासून इतक्या वर्षांत या नावाने कोणाला हाक मारायची वेळ आली नव्हती. आज मारतेय, पण प्रेमाने नाही, चांगल्या रागाने मारतेय. ज्या खाणीचं नाव तुम्ही उठता-बसता घ्यायचात, ती आपल्या वीज कंपनीने शेवटी घेतली. गोंदियाच्याही पलीकडे, शेजारच्या राज्यात, सालाच्या जंगलाला लागून आहे. खड्डा एवढा मोठा, की तळाशी चालणारे डंपर वरून पोराच्या खेळण्यातले वाटतात. फाटकावर मोठा फलक आहे: स्वतःची खाण, इंधनाची सुरक्षा. तुम्ही असता तर टोपी काढून त्या फलकाला हात जोडले असते. मी कठड्याला धरून उभी राहिले आणि मला तुमचा एवढा राग आला, की सोबतचे साहेब विचारायला लागले, मॅडम, चक्कर येतेय का? नाही म्हटलं, ऊन लागलं असेल. साहेबाला काय सांगणार, की मेलेल्या बापाशी भांडतेय म्हणून?

मला तुम्ही पहिल्यांदा वीज केंद्राच्या कोळशाच्या यार्डात नेलंत तो दिवस अजून लख्ख आठवतो. तुमचा डबा विसरला होता आणि आईने मला तो घेऊन धाडलं होतं. तुम्ही डबा बाजूला ठेवलात आणि आधी मला तुमचं राज्य दाखवायला निघालात. मालगाडीचा डबा यंत्रात जातो, यंत्र त्याला धरून कुशीवर पालथं करतं, काळ्या धुराळ्यात सगळा कोळसा खाली पडतो. मी कानावर हात ठेवून उभी आहे आणि तुम्ही माझ्याकडे बघून हसताय. पट्ट्यावरून कोळसा पुढे सरकत होता आणि बाजूला माणसं उभी राहून त्यातले दगड वेचत होती. दगड म्हणजे मुरूम-खडी नव्हे, चांगले डोक्याएवढे. तुम्ही त्यातला एक उचलून माझ्यापुढे धरलात आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "आपली सोतानी खाण ऱ्हायती ना, तं हाऊ दगड कोन धाडता?" आपल्या मालकीची खाण असती तर हा दगड पाठवायची कोणाची छाती होती, असं तुमचं म्हणणं. आजूबाजूचे हसले. त्यांनी ते वाक्य तुमच्या तोंडून रोजच ऐकलेलं असणार.

आणि ते खोटं नव्हतं, हेही मी कबूल करते. पावसाळ्यात भिजलेला कोळसा यायचा, चिखल नुसता. तो नळीत अडकायचा आणि तुम्ही पहारी घेऊन तो मोकळा करत बसायचात. कधी गाड्याच यायच्या नाहीत. दुसऱ्याची खाण, त्याची मर्जी. मग वीज बनवणारा संच बंद, आणि गंमत बघा, ज्या धुराड्याची सावली आपल्या अंगणात पडायची त्याच अंगणात आम्ही रॉकेलची चिमणी लावून अभ्यास करायचो. पुण्या-मुंबईला वीज, आणि धुराडं आमच्या उशाला. तुमच्या त्या वेडाला कारण होतं. मी इंजिनियरिंगला धुळ्याला गेले, मग कंपनीच्या इंधन विभागात लागले, तेव्हा तुम्ही सगळ्या कॉलनीत पेढे वाटत सांगितलंत, की आता माझी पोरगी खाण आणेल. मी काही खाण आणली नाही, ती वरच्यांनी आणली. पण त्या दिवसाचा पेढा माझ्या तोंडात अजून आहे, म्हणून तर एवढं कडू वाटतंय.

एकदा तुम्ही त्या कोळशातूनच माझ्यासाठी भेट आणली होती. राखाडी दगडाची चपटी खापरी, तिच्यावर पानाचा ठसा, शिरा-शिरा मोजून घ्याव्यात असा. तुम्ही ती सदऱ्याच्या खिशात रुमालात गुंडाळून आणली आणि म्हणालात, हे झाड होतं तेव्हा माणूसही नव्हता. मी ती वर्गात नेली, मास्तरांनी ती सगळ्यांना दाखवली. तुमच्यासारखा बाप कोणाचा नाही असं मला त्या दिवशी वाटलं होतं. हे सांगते ते एवढ्यासाठी, की तुम्ही वाईट माणूस असतात तर हे पत्र लिहायला मी बसलेच नसते.

आईला मात्र तुमच्या कोळशाचं कौतुक कधीच नव्हतं. चैत्रात ती ज्वारीचे बिबडे, आपले पापड, घालायची. आदल्या दिवशीपासून भिजवण, वाटण, पहाटे चुलीवर घाटा, आणि शेजारणी येऊन अंगणभर धोतरांवर थापायच्या. दुपारी वारा फिरला की धुराड्याची राख यायची. पांढऱ्या बिबड्यांवर करडी साय धरायची. आई घरातली होती नव्हती ती लुगडी काढून वर पांघरायची, तरी राख आत शिरायचीच. एका वर्षी तिने अख्खी रास उचलून तुमच्यापुढे आणून ठेवली. तुम्ही नुकते पाळीवरून आला होतात, हातपाय धुवायचे होते. ती म्हणाली, "हाई राख खावाले घालू का पोरेसले?" तुम्ही एक बिबडा उचललात, फुंकलात आणि तिच्यासमोर कच्चाच खाल्लात. म्हणालात, काही होत नाही. झालं कसं नाही, भाऊ? शेवटची दोन-तीन वर्षं तुम्ही उशी भिंतीला लावून बसूनच झोपायचात. दम्याचं खापर बिडीवर फोडलंत, आणि बिडी तर तुम्ही कधीच सोडली होती.

पण राखेसाठी मी एवढी चिडले नसते. मी चिडले ती त्या रविवारसाठी.

आपलं वावर वीज केंद्रात गेलं आणि त्या बदल्यात तुम्हाला कंपनीत कायमची नोकरी मिळाली, हे तर झालंच होतं. पुढे राख साठवायला तलाव हवा होता आणि त्यासाठी नदीकडच्या गावाची जमीन. ते गाव म्हणजे तुमच्या धाकट्या बहिणीचं, माझ्या फुईचं सासर. लोक द्यायला तयार नव्हते. तेव्हा कंपनीच्या साहेबाने तुम्हाला जीपमध्ये घातलं. तुम्ही परीटघडीचे कपडे घातलेत, आणि मला म्हणालात, शाळेचा ड्रेस घाल. रविवार होता, भाऊ. मी म्हटलं आज शाळा नाही. घाल म्हणतो ना, म्हणालात. आईने वेण्या घातल्या, रिबिनी बांधल्या. फुईच्या गावात निंबाखाली सगळा गाव बसलेला, फुई बायांत डोक्यावर पदर घेऊन, आणि मी जीपच्या पायरीशी निळ्या-पांढऱ्या कपड्यात उभी. तुम्ही काय बोललात ते मला शब्दाशब्दाने आठवतं. म्हणालात, मी वावर दिलं. पहिलं वर्ष रडलो, बांधावर जाऊन बसायचो, तिथे आता बांधही नव्हता. मग कंपनीच्या हजेरीवर नाव लागलं. आता महिन्याच्या महिन्याला पगार आहे, आणि ही माझी पोरगी बघा. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी रिबिनीशी चाळा करत उभी. मग एक हात वर झाला, मग दुसरा, आणि फुईच्या नवऱ्याचा तिसरा.

त्या गावाला नोकऱ्या मिळाल्या? मिळाल्या की! ठेकेदाराकडे. आज बोलावलं तर या, उद्या नको म्हटलं तर घरी बसा. फुईची दोन्ही पोरं तुमच्याच पट्ट्याशी उभी राहून दगड वेचायची. तुम्ही हजेरीवर, तुमचे भाचे ठेकेदाराच्या मर्जीवर, आणि दोघांच्या मधून एकच कोळसा वाहतोय. जेवणाच्या सुट्टीत तुम्ही कुठे बसायचात हो? मला हे तुम्हाला कधी विचारता आलं नाही. तेव्हापासून फुई आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, माहेरी आली नाही. आपल्याकडे लेकीबाळी वर्षभर कुठे का असेनात, आखाजीला येतातच. अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला असायचा. ती येईना तरी तुम्ही तो बांधलात, पहिल्या वर्षी, दुसऱ्या वर्षी. मग बांधणं सोडलंत. धुळ्याहून सुट्टीत आले तेव्हा मी एकदा जेवताना म्हणाले, की कंपनीने फुईच्या गावाला फसवलं. तुम्ही हातातला घास ताटात ठेवलात. "तुले शिकाडी कोन ऱ्हायनं?" एवढंच विचारलंत. मला कोण शिकवतंय, कोणाच्या पैशावर, असं.  आजही त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे, आणि तेच मला नको आहे.

आता ऐका. खाणीला वाढायचंय. पलीकडे एक वस्ती आहे, आदिवासींची, मातीची सारवलेली घरं, प्रत्येक दारात मोहाचं झाड. तिच्या खाली कोळसा आहे. लोक उठायला तयार नाहीत. आमच्या मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला. साहेब चहा मागवतात तेव्हा समजायचं, काहीतरी गळ्यात पडणार आहे. म्हणाले, मॅडम, तुमचे वडील प्रकल्पग्रस्त ना? आम्हाला आजच कळलं. तुमच्यासारखं उदाहरण दुसरं मिळणार नाही. एकदा त्या वस्तीत येऊन दोन शब्द बोला. वीज केंद्र दुसऱ्यांच्या दारात कोळशासाठी किती दिवस उभं ठेवायचं? हे वाक्य तर तुमचंच, भाऊ! फक्त त्यांनी ते शुद्ध मराठीत म्हटलं. मी तेव्हाही उदाहरण होते, आताही उदाहरण. डोक्यावरचे केस पांढरे झाले तरी माझ्या अंगावरचा तो ड्रेस काही उतरत नाही.

मी हो म्हटलं. का म्हटलं ते सांगते. मला वाटलं, तुम्ही जे बोलला नाहीत ते मी बोलेन. फुईचं बोलेन. भर सभेत असा प्रश्न टाकेन की साहेबांची बोबडी वळेल आणि वस्ती सावध होईल. खाण आपली, फलक आपला, पण खणणारी सगळी माणसं ठेकेदाराची, कंपनीची तिथे चार टेबलं फक्त, हे मला ठाऊक होतं. साहेबांनाही ठाऊक होतं. लोकांना नव्हतं.

मोहाच्या झाडाखाली चटया घातल्या होत्या. आम्हाला खुर्च्या. मी खुर्ची सोडली आणि खाली बसले, त्या बायांच्या ओळीत. माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. आमचं वावर गेलं, वडील रडले, मग त्यांना कायमची नोकरी लागली, मी शिकले. आणि मग सांगितलं, की माझ्या फुईच्या गावाला हेच सांगितलं होतं आणि त्यांच्या पोरांना ठेकेदाराने दगड वेचायला लावलं, मन मानेल तेव्हा काढून टाकलं. म्हटलं, नोकरी देतो म्हणाले तर भुलू नका. विचारा, कंपनीच्या हजेरीवर देणार की ठेकेदाराच्या? आत्ता विचारा, साहेब इथेच आहेत. एवढं बोलून मी साहेबांकडे बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस खोकेल, पाणी मागेल, उठून जाईल. साहेब उभे राहिले, हसले आणि म्हणाले, "बिल्कुल! कंपनी की हाज़िरी पर ही मिलेगी. मैडम ख़ुद देखेंगी."

 मग माझ्या शेजारी बसलेल्या म्हातारीने माझा हात हातात घेतला. तिचा हात खरखरीत, कोपरापर्यंत गोंदलेला. "मैडम, तुमको मिला न? तो हमको भी दिलवा देना." आणि ती त्यांच्या बोलीत बाकीच्यांना काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते सभेला आलेल्या पटवाऱ्याने, तिकडच्या तलाठ्याने, नंतर सांगितलं: बाकीचे सगळे आले ते गोड बोलले, ही एकटी खरं बोलली, हिच्या शब्दावर जमीन द्यायला हरकत नाही. तिने हात वर केला. मग तिच्या सुनेने. मग चटईच्या त्या टोकापर्यंत सगळ्यांनी.

परतताना गाडीत साहेब खुशीत. मॅडम, जमवलंत! आम्ही इतके दिवस डोकं फोडतोय. तो फुईचा किस्सा तर एकदम भारी होता, खरा वाटला अगदी. मी म्हटलं, खराच आहे. ते म्हणाले, हो हो, तेच म्हणतोय. ऑफिसात आल्यावर मी त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले आणि विचारलं, कंपनीच्या हजेरीवर किती जागा निघणार? ते माझ्याकडे असं बघत राहिले, जसं मी काही अगदी बालिश विचारलंय. मॅडम, कंपनीची भरती तिथे कधीपासून बंद आहे. खाण चालवणारा ठेकेदार आहे ना, तो घेईल त्यांना. शेवटी काम ते कामच. आणि सभेत तुम्ही काय म्हणालात, मी विचारलं. अहो, सभेत बोलायचं असतं तसं बोललो, तुम्हीही बोललातच की! भाऊ, मी त्या टेबलावरचा पेपरवेट उचलला होता. परत ठेवला. पण उचलला होता.

या आखाजीला मी फुईकडे गेले. ती येत नाही तर आपण जावं, हे इतक्या वर्षांत आपल्यापैकी कोणाला सुचलं नाही. सांजोऱ्या नेल्या, आंबे नेले. राखेच्या तलावाच्या बांधाला लागून तिचं घर आहे, उंबऱ्यावर हात ठेवला तरी बोटं करडी होतात. फार थकली आहे, पण कान आणि जीभ दोन्ही शाबूत. मी तिला सगळं सांगितलं, वस्तीचं, म्हातारीचं, साहेबाचं. मला वाटलं ती म्हणेल, तू तरी खरं बोललीस, पोरी. तिने सांजोरी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "मना भाऊ खोटं बोलता तं बरं व्हतं. खोटाले आम्ही दारमाईनच हाकली देतूत. तो खरं बोलना, म्हनीसन आम्ही वावर दिन्हं." तुम्ही खोटं बोलला असतात तर बरं झालं असतं, म्हणतेय तुमची बहीण. खोटारड्याला त्यांनी दारातूनच हाकललं असतं. तुम्ही खरं बोललात आणि म्हणून त्यांनी वावर दिलं.

मला तिथून उठवेना. इतकी वर्षं मला वाटत होतं, की तुम्ही साहेबाच्या जीपमध्ये बसून खोटं विकलंत, आणि मी तेवढं केलं नाही की झालं. आता कळतंय, त्यांना खोटं बोलणारा माणूस नकोच असतो. तसे त्यांच्याकडे भरपूर असतात, पगारावर. त्यांना तुमच्यासारखा हवा असतो, ज्याचं वावर खरंच गेलंय आणि ज्याची पोरगी खरंच शिकलीय. तुमचं खरं त्यांनी उसनं नेलं आणि फुईच्या गावात खर्चून टाकलं. आणि तुम्ही एकदाही, एकदाही, त्या निंबाखाली परत जाऊन म्हणाला नाहीत की बाबांनो, मला जे सांगितलं होतं ते तसं नव्हतं. तुमची चूक मी बोलण्यात शोधत होते. ती त्यानंतर गप्प बसण्यात होती. त्यासाठी मी तुमच्यावर चिडलेय आणि ते उतरणार नाही.

मी परत जाणार आहे. पुढच्या आठवड्यात, कंपनीच्या गाडीशिवाय, साहेबाशिवाय, माझ्या रजेत. त्या मोहाखाली बसून सांगणार आहे, की मी विचारून आले, कंपनीच्या हजेरीवर तुमच्यासाठी एकही जागा नाही, अजून काही पक्कं झालेलं नाही, मोठी सुनावणी होईल तेव्हा हात खाली ठेवा. खाण अडेल का? अडेल. वीज केंद्राला कोळसा कमी पडेल का? कदाचित पडेल, मग आम्ही पुन्हा दगड वेचू. माझी बदली होईल, चौकशी लागेल, निवृत्तीच्या तोंडावर जे काय व्हायचं ते होईल. तुम्ही असता तर घास ताटात ठेवून पुन्हा तोच प्रश्न विचारला असता.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं, कारण यात एक गोष्ट आहे जी तुम्हाला कळू नये असं मला वाटतं. त्या दिवशी म्हातारीचा हात वर गेला, तिच्यामागे सगळे गेले, आणि ती सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. तेव्हा मला भीती नाही वाटली, राग नाही आला. ते सगळं नंतरचं. त्या क्षणी मला फार बरं वाटलं, भाऊ.